मागच्या सीटवरचे प्रवासवर्णन

गेल्या सात-आठ वर्षांत आमच्याकडे वाचावयास म्हणून जी हस्तलिखिते आली, त्यांत पाच वह्या अमेरिकेच्या प्रवासाच्या होत्या. याचे नवल वाटण्याचे कारण नाही. मलकापूर आणि शेजारचे कराड येथे निवृत्त शिक्षक, बँकेतील अधिकारी आणि पाटबंधारे खात्यातील अभियंते यांची वस्ती मोठी. त्यांच्यापैकी कित्येकांची मुले न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया येथे स्थायिक झालेली. आईवडील पाच-सहा महिन्यांच्या मुक्कामाला जातात, परत येतात, पावसाळा घरात बसून काढतात, आणि दसऱ्याच्या सुमारास एक दोनशे पानी वही पिशवीतून काढून आमच्या टेबलावर ठेवतात. "जरा नजर फिरवा. छापण्याजोगे आहे का, तेवढे सांगा."

या वह्यांविषयी आम्ही आजवर कोठे लिहिले नाही. समीक्षेने दखल घ्यावी असा हा प्रकार नव्हे, अशी आमचीही समजूत होती. साहित्यिक वर्तुळात या लेखनाची थट्टा होते आणि त्या थट्टेत आम्ही सामील झालो आहोत, हे प्रथमच कबूल करणे बरे. तथापि गेल्या वर्षी आलेल्या एका वहीने आम्हांला उरलेल्या चार पुन्हा उघडावयास लावल्या. वाचताना लक्षात आले की, आम्ही हसत होतो ते चुकीच्या ठिकाणी.

पाचांपैकी चार वह्यांत मोटारीने न्यूयॉर्कला जाण्याचे प्रकरण आहे. चारही लेखक एकमेकांना ओळखत नाहीत, पण प्रकरण एकाच हाताने लिहिल्यासारखे आहे. रस्ता गुळगुळीत आहे. पोटातले पाणी हलत नाही. कोणी भोंगा वाजवीत नाही. टोलनाक्यावर गाडी थांबत नाही, पैसे आपोआप वळते होतात. वाटेतली स्वच्छतागृहे आपल्याकडील दवाखान्यांहून निर्मळ आहेत. मग नदीखालचा बोगदा, त्यानंतर गगनचुंबी इमारती, आणि शेवटी स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा. 'शिस्त' हा शब्द पानोपानी येतो. एका वहीत तर नळाला चोवीस तास पाणी असते याचे कौतुक अर्धे पान चालले आहे, आणि लेखक मलकापूरचे! ज्या गावाच्या चोवीस तास पाण्याच्या योजनेची चर्चा देशभर झाली, त्या गावचा गृहस्थ परदेशात जाऊन नळाकडे थक्क होऊन पाहतो, तेव्हा तो नळ पाहत नसून आधी कोठेतरी वाचलेले प्रवासवर्णन पाहत असतो.

ही आमची जुनी तक्रार, आणि ती खोटी नाही. पण ती तक्रार करून थांबले की काम अर्धेच राहते. कारण ज्या वहीने आम्हांला हे लिहावयास लावले, तिच्या पहिल्या प्रकरणातले गद्य उत्तम आहे.

वहीचे लेखक मलकापूरचेच. माध्यमिक शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. त्यांना आम्ही येथे गुरुजी म्हणू. पहिल्या प्रकरणात ते मलकापूरहून रात्री मुंबईच्या विमानतळाकडे निघतात. भाड्याच्या जीपमध्ये ते चालकाशेजारी बसले आहेत. उंब्रज येते, तेव्हा तेथे दुकान थाटलेला एक जुना विद्यार्थी आठवतो. नागठाणे, सातारा, पाचवड, भुईंज अशी गावे येतात आणि प्रत्येक गावापाशी त्यांच्याजवळ सांगण्यासारखे काही असते: कोठे पूर्वी वडाची रांग होती आणि रस्ता चौपदरी होताना ती गेली, कोठल्या फाट्यावर एस. टी. बंद पडून वर्गाच्या सहलीने रात्र काढली होती. खंबाटकीच्या बोगद्यात शिरताना बोगदा नव्हता त्या काळातल्या घाटाची आठवण निघते. आणि मुख्य म्हणजे त्यांनी आपल्या गावाबद्दल लिहिले आहे. राष्ट्रीय महामार्ग मलकापुरातून जातो. गावाचे दोन काठ झाले आहेत. गुरुजींचे घर एका काठावर आणि शाळा दुसऱ्या काठावर होती. रस्ता ओलांडणाऱ्या मुलांवर लक्ष ठेवीत त्यांनी नोकरीची कितीतरी वर्षे काढली. आगाशिवाच्या डोंगरावरून पाहिले की हा रस्ता किती सरळ आणि निरुपद्रवी दिसतो, हे त्यांचे निरीक्षण आम्हांला फार आवडले. सुमारे तीनशे किलोमीटरचा हा प्रवास चौदा पानांचा आहे आणि त्यातले एकही पान गाळावेसे वाटत नाही.

हाच लेखक फिलाडेल्फियाहून न्यूयॉर्कला निघतो तेव्हा त्याची लेखणी आटते. अंतर शंभर मैलांच्या आसपास, म्हणजे कराड ते पुणे एवढेच. पाने तीन.

असे का व्हावे? प्रदेश अपरिचित होता, हे उत्तर पुरेसे नाही. अपरिचित प्रदेशात मराठी लेखणी मुकी होते असा आपला इतिहास नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घरचे कर्ज फिटावे म्हणून दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले. तो मुलूख त्यांना कोठे ठाऊक होता? तरीही 'माझा प्रवास' हे १९०७ साली छापले गेलेले पुस्तक आजही हातातून सुटत नाही. पंडिता रमाबाई मार्च १८८६ मध्ये लिव्हरपूलहून बोटीने फिलाडेल्फियाला उतरल्या, तेव्हा त्यांनाही तो देश नवाच होता. पुढे सुमारे पावणेतीन वर्षे त्या देशभर हिंडल्या, आणि परत आल्यावर १८८९ मध्ये त्यांनी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक दिले. त्यांनाही अमेरिका आवडली होती; किंबहुना गुरुजींपेक्षा कितीतरी अधिक आवडली होती. पण तेथल्या मूळ रहिवाशांवर झालेला अन्याय आणि कृष्णवर्णीयांना मिळणारी वागणूक त्यांनी त्याच पुस्तकात स्पष्टपणे नोंदविली. कौतुक करणारा डोळा आणि दोष पाहणारा डोळा असे दोन्ही डोळे एकाच वेळी उघडे ठेवता येतात, याचा तो मराठीतला पुरावा आहे.

तेव्हा कारण अन्यत्र शोधले पाहिजे, आणि ते आम्हांला क्रियापदांत सापडले.

गोडसे भटजींची क्रियापदे पाहा: निघालो, चाललो, लपलो, परतलो. रमाबाईही आपल्या पायांनी जातात, विचारतात, पाहतात. गुरुजींच्या पहिल्या प्रकरणातही 'निघालो', 'थांबलो', 'चालकास म्हणालो' अशीच क्रियापदे आहेत. अमेरिकेत पोहोचल्यावर मात्र वाक्याचा कर्ता बदलतो. मुलाने नेले. सुनेने बसवले. आम्हांला दाखवले. येथे उतरवले, तेथे जेवू घातले, परत आणले. प्रयोजक क्रियापदांची अशी दाट झाडी आम्ही दुसऱ्या कोणत्याही वाङ्मयप्रकारात पाहिलेली नाही. चारही वह्यांत ती आहे. लेखक वाक्याचा कर्म झाला आहे, आणि आपण कर्म झालो हे त्याने कोठेही म्हटलेले नाही.

गाडीतली बैठकही हेच सांगते. पुढे मुलगा आणि सून. मागे मध्यभागी नातवाची पट्ट्यांची खुर्ची, आणि तिच्या दोन अंगांना आजी-आजोबा. समोरचा रस्ता पुढच्या सीटच्या पाठीआड. दिसते ते बाजूच्या काचेतून, तेही ध्वनिरोधक भिंती आल्या की बंद. ज्या माणसाने खंबाटकीपर्यंत चालकाला वाट सांगितली, त्याला येथे काच खाली करण्याचे बटण मुलाला विचारून दाबावे लागते. या स्थितीत 'गुळगुळीत' याखेरीज दुसरे कोणते विशेषण सुचणार? रस्त्याचा जेवढा भाग त्याच्या वाट्याला आला, तेवढा तो खरोखरच गुळगुळीत होता.

आणि वाटेत काय काय होते! न्यू जर्सी टर्नपाइक हा १९५१-५२ साली खुला झालेला रस्ता. त्यावरील रेस्ट एरियांना त्या प्रांताशी नाते असलेल्या व्यक्तींची नावे आहेत, आणि त्यांत लेखक-कवीही आहेत. कादंबरीकार जेम्स फेनिमोर कूपर यांच्या नावाने पेट्रोल भरावे, वॉल्ट व्हिटमन यांच्या नावाने बर्गर खावा, असा तो प्रकार. व्हिटमन यांनी १८५६ मध्ये मोकळ्या रस्त्याचे गाणे लिहिले आणि आयुष्याची अखेरची वर्षे याच रस्त्याजवळच्या कॅम्डेन गावी काढली. उत्तरेकडे, न्यूयॉर्कच्या दिशेने जाताना जॉईस किल्मर यांच्या नावाचा रेस्ट एरिया लागतो. आमच्या वाचकांपैकी जे कॉन्व्हेंट शाळांतून शिकले, त्यांच्यापैकी काहींनी तरी किल्मर यांची झाडांवरची कविता तोंडपाठ केली असेल. ती १९१३ सालची. त्याच वर्षी किल्मर पत्नीसह कॅथलिक झाले, आणि १९१८ च्या जुलैत फ्रान्सच्या रणभूमीवर पडले. वय एकतीस. झाडांच्या या कवीच्या वाट्याला या रस्त्यावर आलेले स्मारक म्हणजे डांबरी वाहनतळाचे एक मोठे मैदान. गुरुजींच्या वहीत या ठिकाणाची नोंद आहे ती अशी: 'जॉईस किल्मर नावाच्या कोणा थोर बाईंच्या नावाने येथे उपाहारगृह आहे.' आम्ही हसलो. नंतर मनात आले की, नाव टिपून घ्यावेसे वाटले ते चार वह्यांत एकट्या गुरुजींना.

त्याहून अधिक रुखरुख लावणारी गोष्ट पुढे आहे. एलिझाबेथ शहराच्या फाट्यापासून काही मैलांवर रोझेल नावाचे गाव आहे. जून १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी न्यूयॉर्क बंदरात उतरल्या, त्या या रोझेलच्या कार्पेंटर बाईंकडे राहिल्या. वैद्यकीच्या शिक्षणासाठी त्या तेथून फिलाडेल्फियाला गेल्या, म्हणजे गुरुजी ज्या वाटेने आले तिच्या उलट दिशेने. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली तो समारंभ पाहण्यास रमाबाई आल्या होत्या. वर्ष सरण्याच्या आत, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, आनंदीबाई पुण्यात वारल्या. त्यांची रक्षा कार्पेंटर कुटुंबाने न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेस पोकीप्सीच्या दफनभूमीत आपल्या घरच्या माणसांशेजारी ठेवली. काशीबाई कानिटकरांचे चरित्र आणि श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही १९६८ ची कादंबरी या वह्यांच्या लेखकांनी वाचलेली आहे. दोघांनी तर आपल्या प्रस्तावनेत आनंदीबाईंचे नाव घेतले आहे. पण फिलाडेल्फिया ते न्यूयॉर्क हा रस्ता तिचा आहे, हे चौघांपैकी एकालाही सुचले नाही. सुचले असते तरी गाडी वळवा असे म्हणण्याची सोय होती का, हा प्रश्न आहेच. शनिवारचा दिवस, वाहनतळाची जागा आधी राखून ठेवलेली, सायंकाळी परतायचे.

येथे एका दुसऱ्या वहीतले वाक्य सांगितले पाहिजे. तिचे लेखक पाटबंधारे खात्यातले अभियंता. ते जॉर्ज वॉशिंग्टन पुलावरून न्यूयॉर्कमध्ये शिरले आणि कनेक्टिकटकडे जाताना क्रॉस ब्राँक्स या रस्त्यावर दीड तास अडकले. पुलाच्या तारा, लांबी, रुंदी यांवर त्यांनी दोन पाने खर्च केली आहेत. क्रॉस ब्राँक्ससाठी एकच ओळ: 'रस्त्याच्या इतक्या जवळ माणसे कशी राहत असतील?' तो रस्ता रॉबर्ट मोझेस यांनी १९४८ पासून बांधावयास घेतला. भरवस्तीतून तो नेताना ईस्ट ट्रेमाँट येथील एका मैलाच्या तुकड्यासाठी सुमारे दीड हजार कुटुंबांना घरे सोडावी लागली. रॉबर्ट कॅरो यांच्या १९७४ च्या ग्रंथात तो सारा इतिहास आला आहे. आमच्या अभियंत्यांनी तो ग्रंथ वाचावयास हवा होता, असे आमचे म्हणणे नाही. पण कोयनेच्या खोऱ्यातून उठलेली माणसे त्यांनी नोकरीत जवळून पाहिली होती, आणि माणसे कशी राहत असतील हा प्रश्न त्या पाहण्यातूनच आला होता. प्रश्न विचारून ते पुढे गेले नसते, तर आमच्या मते ते प्रकरण वाङ्मय झाले असते. पुढच्याच ओळीत गाडी सुटली आहे आणि रस्ता पुन्हा गुळगुळीत झाला आहे.

आता गुरुजींच्या वहीतल्या त्या पानाकडे वळतो. किल्मर रेस्ट एरियाच्या नोंदीनंतर अकरा ओळी खोडलेल्या आहेत. शाई निळी आणि खोडणे एका रेघेचे, शिक्षकाच्या सवयीचे; त्यामुळे खालचे सारे वाचता येते. गुरुजी स्वच्छतागृहात गेले आणि बाहेर पडताना दुसऱ्या दाराने पडले. समोर शेकडो गाड्या. मुलाच्या गाडीचा रंग राखाडी एवढे आठवत होते, आणि तेथे निम्म्या गाड्या राखाडी होत्या. खिशात फोन नव्हता, तो सुनेच्या पिशवीत होता. इंग्रजी येत होते, पण विचारायचे काय आणि कोणाला, हे सुचेना. पाऊण तास ते गाड्यांच्या रांगांतून हिंडले. शेवटी मुलगा धावत आला, आणि वर्गात उशिरा आलेल्या पोरावर ओरडावे तसा ओरडला. गुरुजी लिहितात की, तो ओरडत असताना त्याचे हात थरथरत होते. मग गाडीत कोणी बोलले नाही. वीहॉकनच्या चढणीचे वळण आले, पलीकडे सारे मॅनहॅटन एकदम उभे राहिले, तेव्हा मुलाने आरशातून मागे पाहिले आणि विचारले, "दिसतंय का, बाबा?" गुरुजींनी 'हो' म्हटले. त्यांना पुढच्या सीटची पाठ तेवढी दिसत होती.

हे सारे खोडून त्याजागी वर लिहिले आहे: 'वाटेत थोडा विसावा घेतला.'

पु. ल. देशपांडे यांनी १९७४ साली आपल्या प्रवासवर्णनाला 'जावे त्यांच्या देशा' असे नाव दिले, ते आपल्या जुन्या म्हणीवरून. म्हणीचा उत्तरार्ध 'तेव्हा कळे' असा आहे. चारही वह्यांतले लेखक त्यांच्या देशा गेले होते हे निर्विवाद. कळले ते कोठे, असे विचारले तर आम्ही या अकरा ओळींकडे बोट दाखवू. सारा नवा देश, मुलाचे तेथले वय, बापाचे येथे उरलेले वय, भीतीने चढलेला आवाज आणि न दिसलेले शहर हे सर्व तेथे आहे. गोडसे भटजी लुटले गेले, उपाशी राहिले, भ्याले, आणि तसे लिहिताना त्यांना संकोच वाटला नाही. त्यांच्या पुस्तकाचा जीव त्यात आहे. ज्येष्ठांच्या अमेरिकावर्णनांतून तो जीव आधी काढून घेतला जातो, आणि मग समीक्षक म्हणून आम्ही येतो आणि हे निर्जीव आहे असा शेरा मारतो.

शेरा मारणाऱ्यांची जबाबदारीही थोडी सांगितली पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका बाईंनी आम्हांला आपले लेखन दाखविले होते. मुलीकडे असताना दिवसभर बंद घरात एकटे राहण्याविषयी त्यात दीड पान होते. रस्त्यावर पायी चालणारे एकही माणूस दिसत नाही म्हणून त्या खिडकीशी उभ्या राहून गाड्या मोजीत. आम्ही समासात लिहिले, 'प्रवासवर्णनात घरगुती गाऱ्हाणे नको.' बाईंनी ते दीड पान काढले. पुस्तक निघाले, नातेवाइकांत वाटले गेले, आणि त्यात आता नायगाराचा धबधबा आहे.

गुरुजींना आम्ही ती चूक सुधारण्याच्या उत्साहात भेटलो. खोडलेले तेवढे पुन्हा घाला, बाकी सारे काढले तरी चालेल, असे म्हणालो. त्यांनी ऐकून घेतले.

"मुलगा अजून मराठी वाचतो," ते म्हणाले. "नातवंडांना येत नाही. त्याला येतं."

"मग त्याला वाचू द्या की, गुरुजी."

"त्या दिवशी घाबरला होता तो. मी लिहिलं की रागावल्यासारखं दिसतं. घाबरलेला माणूस कसा लिहायचा, ते मला जमलं नाही."

त्या वाक्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्यांच्या खोडण्याला आम्ही भिडस्तपणा समजत होतो. ती वाङ्मयीन अडचण होती, आणि तिला वाट दाखविणे हे समीक्षेचे काम असते. हात थरथरत होते ही ओळ आहे, ती पुरेशी आहे, असे आम्ही म्हणून पाहिले. ते विचार करतो म्हणाले. येथे हा मजकूर द्यावयास त्यांनी परवानगी दिली, नाव न घालण्याच्या अटीवर. तुमचे त्रैमासिक तो वाचत नाही, असेही सांगितले.

पुस्तक या उन्हाळ्यात छापून झाले. आम्ही प्रथम ते पान काढले. अकरा ओळी नाहीत. 'वाटेत थोडा विसावा घेतला' हेही नाही. त्याजागी आहे: 'येथे मी पाऊण तास एकटा हिंडलो. मुलगा फार घाबरला.' पुढे वळण येते, मॅनहॅटन येते, आणि मागच्या सीटवरून काय दिसले ते दोन ओळींत आले आहे. बोगद्याची लांबी गाळली आहे. किल्मर मात्र बाईच राहिल्या; ते सांगावयाचे आमच्याकडून राहून गेले.